आधी ओळंबा, मग दोरी

अण्णांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ आणला आणि विचारलं, "घाट असा झोळीसारखा का लोंबतोय रे?"

प्रिंट गंगेची होती. नाशकात गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येतो" म्हटलं की घरच्यांना कळतं. यशवंत महाराज पटांगणाच्या बाजूला उभं राहून, कॅमेरा उभा धरून, डावीकडून उजवीकडे वळत मी सहा फोटो काढले होते आणि संगणकावर एकाला एक जोडले होते. डावीकडे रामकुंडाकडची गर्दी, समोर पाण्यापलीकडे नारोशंकराचं देऊळ, उजवीकडे गाडगे महाराज पूल. जवळजवळ 160 अंशांचा देखावा एका पट्टीत बसला होता. माझ्या लेखी काम झालं होतं.

फोटो काकांसाठी होता. अण्णांचे थोरले भाऊ नागपूरला मुलाकडे असतात. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून प्रवास जवळजवळ बंद आहे. दर दोन-चार दिवसांनी फोन येतो आणि गाडी गंगेवर येतेच. 2027 च्या सिंहस्थाची कामं निघाली म्हटल्यावर ते म्हणाले होते, "बदलायच्या आत मला अख्खा घाट एकदा दाखव. तुकड्या-तुकड्यांत नको, एका नजरेत."

एका नजरेत म्हणजे काय, हे तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

अण्णा चाळीस वर्षं बांधकामावर मिस्त्री होते. भिंत ओळंब्यात नसली की त्यांना चैन पडत नाही. पाहुण्यांच्या घरी गेले तरी दाराच्या चौकटीकडे आधी बघतात, यजमानाकडे नंतर. त्यामुळे समोरच्या काठाच्या पायऱ्या मधे पोट काढून खाली गेलेल्या आणि दोन्ही टोकांना वर चढलेल्या त्यांना पहिल्या नजरेत दिसल्या. वर देवळांच्या मागच्या इमारतींच्या गच्च्या मात्र उलट, कमानीसारख्या. मी म्हणालो, "अण्णा, सॉफ्टवेअरने केलंय ते." ते म्हणाले, "सॉफ्टवेअर राहू दे. तू उभा कुठे होतास?"

मग त्यांनी मला खाली नेऊन समोरच्या सोसायटीच्या लांबलचक कंपाउंडच्या भिंतीसमोर उभं केलं. विटांचं बांधकाम, प्लास्टर न केलेलं. "मान न हलवता बघ, मग मान फिरवून बघ. वरचा थर दोन्ही टोकांना उतरतो. खालचा थर दोन्ही टोकांना चढतो. डोळ्यासमोरचा थर तेवढा पातळीत राहतो." नंतर गच्चीवरून बघितलं तर अख्खी भिंतच डोळ्याच्या खाली होती, म्हणून तिथे सगळेच थर टोकांना चढत होते. ही गोष्ट त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. लांब भिंतीच्या मधोमध उभं राहून दोन्ही टोकांच्या कामगारांना हाका मारण्यात आयुष्य गेलं, त्यातून आलेली आहे.

मी रात्री गणित मांडून बघितलं तर ते तंतोतंत तसंच निघालं. समोरचा काठ माझ्यापासून समजा 40 मीटरवर आहे. मी मान 60 अंश वळवली की त्याच काठाचा तिथला भाग 80 मीटरवर जातो, दुप्पट. अंतर दुप्पट झालं की पायरी डोळ्याच्या पातळीपासून जितकी खाली दिसत होती, त्याच्या निम्मीच खाली दिसते. म्हणजे पायरी वर उचलली जाते. यात फोटो काढणाऱ्याचं चुकत नाही, लेन्सचंही नाही. आपल्याभोवती गोल पसरलेला देखावा सपाट कागदावर उलगडला की हे होणारच. पॅनोरमा जोडताना सहसा जे प्रक्षेपण (देखावा कागदावर उतरवायची रीत) वापरतात ते दंडगोलाचं: आपण डब्याच्या मध्यभागी उभे आहोत, डब्याच्या आतल्या बाजूला चित्र रंगवलंय आणि नंतर डबा कापून उलगडलाय, असं. त्यात उभ्या रेषा उभ्या राहतात, डोळ्याच्या उंचीची आडवी रेष सरळ राहते, बाकीच्या आडव्या रेषा वाकतात.

पण माझ्या प्रिंटमध्ये एवढंच नव्हतं. आपल्या आपण वाकणाऱ्या रेषांमध्ये खरीखुरी चूकही मिसळलेली होती. डावीकडच्या इमारती डावीकडे कलल्या होत्या, उजवीकडच्या उजवीकडे. पाणी जास्त यावं म्हणून मी कॅमेरा थोडा खाली झुकवून धरला होता आणि जोडताना संगणकाला तो झुकाव नीट ओळखता आला नव्हता. शिवाय माझ्या 18 मिलिमीटरच्या लेन्समुळे प्रत्येक फोटोची कड पिंपाच्या पोटासारखी जराशी फुगते, तीही होती. तीन वाकडेपणा एकमेकांत गुंतलेले. कुठला सोडवायचा आणि कुठला तसाच ठेवायचा, हे कळेपर्यंत मी पंधरा दिवस घालवले.

त्या पंधरा दिवसांची सोबत म्हणजे हुगिन. हे फोटो जोडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवर चालतं, आणि त्याचा आतला कोड कुणालाही वाचता येतो. त्याच्या मुळाशी जर्मनीतले प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी 1998 साली लिहिलेली 'पॅनोरमा टूल्स' ही गणितं आहेत. त्यांवर पाब्लो डांजेलो यांनी हुगिनची सुरुवात केली आणि पुढे अनेकांनी आपापल्या रिकाम्या वेळात भर घातली. नाव उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणकथांमधलं आहे. ओडिन नावाच्या देवाचे दोन डोमकावळे, हुगिन आणि मुनिन, म्हणजे विचार आणि स्मृती. ते रोज जगभर उडून येतात आणि पाहिलेलं सगळं देवाच्या कानात सांगतात. हे वाचलं तेव्हा मी थबकलो. रामकुंडावर दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलेली माणसं मी लहानपणापासून बघतोय. त्या घाटाचा फोटो सरळ करायला कावळ्याच्याच नावाचं सॉफ्टवेअर हाती यावं, याचं मला फार बरं वाटलं.

हुगिन फोटो जोडतं ते खुणांवर. शेजारच्या दोन फोटोंमध्ये एकच खिडकीचा कोपरा, एकच कळसाचं टोक ओळखून ते जोड्या लावतं. त्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. हे काम ते स्वतः करतं आणि बरंच चांगलं करतं. पाण्यावरच्या लाटांवर आणि चालत्या माणसांवर मात्र चुकीच्या खुणा पडतात, त्या हाताने पुसाव्या लागतात. त्या पुसल्यावर सरासरी चूक दोन-तीन पिक्सेलांवर आली. जोड बेमालूम झाले.

आणि तरीही इमारती कललेल्याच होत्या. कारण जोड बरोबर असणं आणि चित्र सरळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकटीचे चारही सांधे घट्ट बसले असतील, पण चौकटच तिरकी लावली असेल तर? फोटोत सरळ काय आहे, हे संगणकाला माहीत नसतं. तो कधी गंगेवर गेलेला नाही. ते त्याला तिथे उभं राहून आलेल्या माणसाने सांगावं लागतं.

सांगायची सोय हुगिनमध्ये आहे आणि ती मला फार आवडते. कंट्रोल पॉइंटच्या पानावर डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांत एकच फोटो उघडायचा. एकीकडे एखाद्या उभ्या कडेचं वरचं टोक धरायचं, दुसरीकडे त्याच कडेचं खालचं टोक, आणि प्रकार निवडायचा 'उभी रेष'. मग गणित पुन्हा चालवलं की सॉफ्टवेअर सगळे फोटो मिळून असे फिरवतं की ती कड पॅनोरमात उभी यावी. मी अण्णांना हे दाखवलं. ते खुर्ची ओढून शेजारी बसले. "म्हणजे ओळंबा सोडायचा," ते म्हणाले.

अगदी तेच. मी उत्साहाने नारोशंकराच्या शिखराची कड पकडली. अण्णांनी माझा हात माउसवरून उचलला.

"शिखराची कड ओळंब्यात असते होय? ती वर जाताना आत झुकते. दीपमाळही नको, ती खाली जाड आणि वर बारीक. विजेचा खांबही नको, पुरात कलला असेल तर कोण सांगणार? इमारतीचा कोपरा धर. खिडकीची चौकट धर."

त्यांनी एकेक फोटो निरखून मला जागा दाखवल्या. एका धर्मशाळेचा कोपरा. एका चारमजली इमारतीची कड, तीसुद्धा गॅलरीकडची नाही, जिन्याकडची, "कारण गॅलऱ्या नंतर वाढवलेल्या असतात." पुलाचा खांब, त्याची बाजू सरळ आहे अशी खात्री करून. मी या घाटावर शेकडो वेळा गेलोय, पण कुठली कड खरोखर उभी आहे, या नजरेने मी तो कधी बघितला नव्हता.

एक तांत्रिक बाब इथे सांगून ठेवतो, कारण ती कळायला मला तीन रात्री लागल्या. शेजारीशेजारी असलेल्या दोन उभ्या रेषा दिल्या तर काम अर्धंच होतं. चित्राचा डावा-उजवा कल जातो, पण पुढे-मागे झुकाव राहतोच. दोन रेषा एकमेकींपासून साधारण काटकोनात, म्हणजे एक देखाव्याच्या डाव्या भागात आणि एक उजव्या भागात असली की दोन्ही सुटतात. अण्णांना यात नवल वाटलं नाही. एका भिंतीला ओळंबा लावून खोली उभी राहत नाही, कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींना लावावा लागतो.

लेन्सचं पोट काढणं त्यामानाने सोपं गेलं. हुगिनसोबत लेन्स मापायचं एक छोटं साधन येतं. सरळ रेषांनी भरलेल्या इमारतीचा फोटो त्याला दिला की ते रेषा शोधतं आणि त्या किती फुगल्यात त्यावरून लेन्सचे आकडे काढतं. आमच्याच सोसायटीची मागची बाजू त्या कामी आली. एकदा आकडे मिळाले की त्या लेन्सचे त्याच झूमवर काढलेले सगळे फोटो सुधारता येतात.

आडव्या रेषेने मात्र मला चांगलंच फिरवलं. उभ्या रेषेसारखी 'आडवी रेष'सुद्धा सांगता येते. मी समोरच्या काठाची पायरी दोन टोकांना धरली, गणित चालवलं आणि अख्खा देखावा कपडा पिळावा तसा पिळला गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग अण्णांनी सुचवलं, "पुराची खूण धर. पाण्याएवढी पातळी कुणाला कळत नाही." नाशकात पुराचं माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर धरतात. पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं त्यावरून सराफ बाजारातला माणूस दुकान आवरायचं की नाही ते ठरवतो. 2016 च्या ऑगस्टमधल्या पुराचं पाणी आम्ही दोघांनी पाहिलेलं. काठावरच्या भिंतींवर ओलीचे पट्टे फोटोत दिसत होते. मी त्यातला एक धरला. चित्र पुन्हा पिळलं गेलं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. त्यांच्या कामात पाण्याची पातळी कधी खोटी ठरलेली नाही. लेव्हल पाईपमध्ये पाणी भरून दोन टोकांना धरलं की दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर उभं राहतं, त्यावर इमारती उभ्या राहिल्या. मग त्यांनीच गाठ सोडवली. "पट्टा पातळीतच आहे रे. पण तुझ्या डोळ्याच्या वर आहे. कंपाउंडचा वरचा थर होता ना, तसा." म्हणजे प्रत्यक्षात पातळीत असलेली रेषासुद्धा फोटोत वाकलेलीच येणार, ती लेन्सच्या उंचीवर नसेल तर. आडवी म्हणून सांगता येते ती फक्त क्षितिजाची रेष. समुद्रावर ती आयती मिळते. शहरात क्षितिज इमारतींमागे दडलेलं असतं आणि तिथे आडव्या रेषेचा नाद सोडून उभ्या रेषांवर विसंबणं हेच शहाणपणाचं.

"आधी ओळंबा," अण्णा म्हणाले, "मग दोरी. आम्हीपण तसंच करतो."

सहा ओळंबे सोडले, पायरीच्या आणि पुराच्या खुणा पुसल्या, गणित चालवलं. इमारती ताठ उभ्या राहिल्या. त्या क्षणी अण्णांनी हाताने हवेत एक उभी रेघ मारली, प्लास्टरच्या शेवटच्या हातासारखी.

राहिली पायऱ्यांची झोळी. ती आता चूक नव्हती, पण काकांना झोळी कशी पाठवायची? हुगिनच्या प्रिव्ह्यूच्या खिडकीत प्रक्षेपण बदलता येतं. सगळ्या सरळ रेषा सरळच ठेवणारं प्रक्षेपण निवडलं आणि पायऱ्या दोरीसारख्या ताणल्या गेल्या. पण किंमत भयंकर होती. मध्यापासून 60 अंशांवर वस्तू मधल्यापेक्षा दुप्पट उंच आणि चौपट रुंद होते. रामकुंडाकडे स्नानाला उतरलेली माणसं पसरून भाकरीसारखी झाली. आणि 180 अंश तर त्यात मावतच नाहीत, तिथे पोचता पोचता चित्र अनंतापर्यंत ताणलं जातं. 120 अंशांच्या पुढे त्याच्या नादी लागू नये.

मधला मार्ग एका चित्रकाराच्या नावावर आहे. जोव्हान्नी पाओलो पानिनी, 1691 ते 1765, रोमच्या भव्य वास्तूंची आतून-बाहेरून चित्रं काढणारा. एवढा रुंद देखावा काढूनही त्याच्या चित्रांत कडेचे खांब फुगत नाहीत. ते कसं साधत असावं, यावरून टॉमस शार्पलेस, ब्रूनो पोस्टल आणि डॅनियल जर्मन या तिघांनी 2010 साली पानिनी प्रक्षेपण मांडलं. त्यात उभ्या रेषा उभ्या राहतात, आणि चित्राच्या मध्याकडे धावणाऱ्या रेषाही सरळ राहतात. आडव्या रेषा वाकतात, पण कमी. माझी 60 अंशांवरची पायरी दंडगोलात निम्म्या खोलीवर येत होती, ती पानिनीत दोन-तृतीयांशावर आली. शिवाय हुगिनमध्ये वरच्या आणि खालच्या भागासाठी वेगवेगळे सरकते दांडे आहेत. खालचा दांडा सरकवत गेलं की खालच्या रेषा हळूहळू ताठ होतात.

तो दांडा मी अण्णांच्या हाती दिला. त्यांनी माउस थापीसारखा धरला. सरकवत सरकवत पायऱ्या जवळजवळ सरळ केल्या, मग कडेच्या माणसांचे पाय लांबलेले बघून मागे आणलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. शेवटी एका ठिकाणी थांबले. पायऱ्यांना थोडी झोळी अजून होती.

मी विचारलं, "आणखी सरळ नको?"

"माणसं बिघडतात. आणि मान फिरवल्यावर एवढी वाकलेली मलापण दिसते."

प्रिंट पाच फूट लांब, सव्वा फूट उंच काढली. नळकांड्यात घालून नागपूरला पाठवली. काकांचा फोन आला तेव्हा ते रेषांबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यांनी पाण्यात कुठून उडी मारायचे ती जागा शोधली होती आणि तिथे आता लोखंडी कठडा का दिसतो, एवढंच विचारलं. अण्णांनी त्यांना कठड्याची हकिगत अर्धा तास सांगितली.

या सगळ्यात मला जुन्या ग्रुप फोटोंचं एक कोडं उलगडलं. 1904 साली अमेरिकेत 'सर्कट' नावाच्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं गेलं. हा कॅमेरा तिवईवर स्वतः गोल फिरायचा आणि आतली फिल्म त्याच वेगाने सरकायची. पलटणींचे, शाळांचे, कारखान्यांचे लांबच लांब फोटो त्याने काढले. त्या फोटोंत शे-दोनशे माणसं एका सरळ रांगेत दिसतात. प्रत्यक्षात ती कॅमेऱ्याभोवती अर्धगोलात उभी केलेली असत. माणसं सरळ उभी केली असती तर फोटोत वाकली असती, म्हणून ती आधीच वाकवून उभी करायची.

दिवाळीत सगळे जमले, काकाही मुलाच्या गाडीने आले, तेव्हा मी हे करून बघायचं ठरवलं. बुधवार टाळला, त्या दिवशी घाटावर बाजार असतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारनंतर, ऊन पाठीमागून येईल असं पटांगण. तिवई लावली. अण्णांनी पिशवीतून लाइनदोरी काढली, एक टोक तिवईच्या मधल्या दांड्याला सैल अडकवलं, पंधरा फुटांवर गाठ मारली आणि दोरी ताणून धरत, वाकून, खडूने फरशीवर कमान आखत गेले. काकांना त्यांनी कमानीच्या मधोमध खुर्ची दिली. बाकीचे बावीस जण खडूच्या रेषेवर पावलं ठेवून उभे राहिले. आत्या सारखी कुरकुरत होती की असे वाकडे काय उभे करताय, टोकाची माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत. अण्णा तिला म्हणाले, "दोरीवर विश्वास ठेव."

रात्री फोटो जोडला. सगळे एका रांगेत, एका उंचीने, पट्टीने आखल्यासारखे. आत्याने स्क्रीनवर बोट ठेवून रांग डावीकडून उजवीकडे तपासली. रांगेच्या मागे, पाण्यापलीकडे, घाटाच्या पायऱ्या दोन्ही टोकांना वर चढत गेल्या होत्या.